ज्याचा त्याचा बर्फ

बर्फावर ज्यांनी ज्यांनी म्हणून सुंदर लिहिलं आहे, त्यांनी तो पडत असताना लिहिलं आहे. पडून झालेला बर्फ साहित्यात फारसा भेटत नाही. कारण उघड आहे. त्या वेळी लेखकाच्या हातात लेखणी नसते, फावडं असतं.

1978 साली शिकागोच्या एका उपनगरात आम्ही घर घेतलं, तेव्हापासून हे फावडं माझ्या हाती आलं. घराबरोबर गॅरेज आलं आणि गॅरेजबरोबर ड्राइव्हवे आला. ड्राइव्हवे म्हणजे गॅरेजच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा फरसबंद पट्टा. अंगण म्हणावं तर तिथे तुळस नाही, आणि रस्ता म्हणावं तर नगरपालिका त्याला आपला म्हणत नाही. उन्हाळ्यात याचं अस्तित्व जाणवतही नाही. डिसेंबर उजाडला की मात्र कळतं की आपण घर घेतलेलं नसून चाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशी एक जबाबदारी घेतलेली आहे.

थोडं गणित करू. या पट्ट्यावर एक फूट बर्फ पडला तर तो होतो 800 घनफूट. ताजा, भुसभुशीत बर्फ पाण्याच्या साधारण एक दशांश वजनाचा असतो. म्हणजे दारात पडलेला ऐवज झाला सव्वादोन टनांच्या वर. एका फावड्यात पाच किलो उचलले, तर साडेचारशे वेळा वाकायचं आणि साडेचारशे वेळा उठायचं. आमच्या लहानपणी मास्तर शंभर उठाबशांची शिक्षा देत, तेव्हा ती आम्हाला अमानुष वाटे. ओला बर्फ असेल तर वजन दुप्पट धरा. शिवाय हे फावडं आपल्याकडचं नव्हे. आपलं फावडं स्वतःकडे ओढायचं असतं. इकडचं पुढे ढकलायचं, मग उचलायचं आणि मग खांद्यावरून भिरकवायचं असतं.

तेव्हा हा बर्फ काढायचा कशाने, हा आमच्या घरातला दर नोव्हेंबरचा ठरलेला विषय. पर्याय पाच. हातातलं फावडं, बर्फ फेकणारं यंत्र, म्हणजे स्नोब्लोअर, मोसमाचे पैसे ठरवून घेणारा कंत्राटी नांगरवाला, मीठ, आणि श्रीमंतांसाठी फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या. आतापर्यंत ही चर्चा मी "यंदाचं वर्ष फावड्यावर काढू" या एका वाक्यात मिटवत आलो. यंदा ते जमलं नाही. पंचाहत्तरी ओलांडली होती आणि हृदयाच्या डॉक्टरांनी फावड्याचा विषय स्वतःहून काढला होता. लेकीने फोनवर दम दिला. ही काही बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

निर्णय पुढे ढकलायचा असला की मराठी माणूस त्या विषयाच्या इतिहासात शिरतो. मीही शिरलो. आणि पहिल्याच पानावर थक्क झालो.

वाचकहो, पूर्वी इथे बर्फ काढतच नसत!

एकोणिसाव्या शतकात व्हरमॉन्ट, न्यू हॅम्पशायर या भागांतल्या गावांना बर्फ हवाच असे. चाकांच्या गाड्या बाजूला पडत आणि घोड्यांच्या घसरगाड्या निघत. चिखलाने भरलेल्या खडबडीत रस्त्यापेक्षा दाबून सपाट केलेला बर्फ घसरगाडीला फार उत्तम. म्हणून गावोगावी लाकडाचे प्रचंड रूळ असत, माणसाच्या उंचीएवढे, वजनासाठी वर दगड ठेवलेले. चार-सहा घोडे जुंपायचे आणि रस्त्यावरचा बर्फ चोपून बसवायचा. त्याहून गंमत म्हणजे तिथले छपराचे लाकडी पूल. छप्पर असल्यामुळे पुलाच्या आत बर्फ पडत नसे आणि घसरगाडी अडे. मग गावाने नेमलेली माणसं बाहेरचा बर्फ फावड्याने उचलून पुलाच्या आत पसरत! ज्या फावड्याने आम्ही आयुष्यभर बर्फ बाहेर फेकला, त्याच फावड्याने लोक तो आत घेत होते आणि वर त्याची मजुरीही घेत होते.

बर्फाला तेव्हा बाजारातसुद्धा किंमत होती. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा गोठलेल्या तळ्यांतून लाद्या कापून जहाजांनी जगभर विकत असे. 1833 साली त्याचा बर्फ कलकत्त्याला पोचला. निघताना 180 टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभरएक टन शिल्लक उरला. पुढे मुंबईकरांनीही हा अमेरिकन बर्फ चवीने खाल्ला. आज मी माझे सव्वादोन टन फुकट द्यायला तयार आहे, पण न्यायला कुणी येत नाही.

शहरांची गोष्ट वेगळी. तिथे घोड्यांचे बर्फाचे नांगर 1862 साली मिलवॉकीत चालू झाले आणि लवकरच ठिकठिकाणी पसरले. आणि पहिल्या नांगराबरोबरच बर्फाचा मूळ सिद्धान्त माणसाच्या लक्षात आला. तो असा : बर्फ काढता येत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात सरकवता येतो. नांगराने रस्त्याच्या मधला बर्फ कडेला लोटला की कडेच्या दुकानांची दारं बुजत. पादचारी ओरडत, दुकानदार ओरडत. घसरगाडीवाले तर दोहोंकडून ओरडत, कारण मध्ये उघडा दगडी रस्ता आणि कडेला डोंगर. हा सिद्धान्त आजही अबाधित आहे. मी तासभर खपून ड्राइव्हवे लख्ख करतो, आत येऊन चहाचा पहिला घोट घेतो आणि नेमकं तेव्हाच रस्त्यावरून सरकारी नांगर जातो. जाताना रस्त्याचा सगळा बर्फ माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांधासारखा घालून जातो. हा बांध गुडघाभर उंच आणि दगडासारखा घट्ट असतो. भाऊबंदकीत बांध सरकवणारे मी गावाकडे पाहिले होते. बांध आणून घालणारा इथेच पाहिला.

1888 साली मार्चमध्ये न्यूयॉर्कवर मोठं हिमवादळ आलं. 21 इंच बर्फ पडला आणि वाऱ्याने त्याचे मजला-मजला ढीग झाले. उंचावरून धावणाऱ्या आगगाड्या अडकल्या, तारा तुटल्या, एकट्या त्या शहरात दोनशेच्या आसपास माणसं गेली. पुढे शहराने रेल्वे जमिनीखाली नेली, त्यामागे या वादळाची आठवण होती. याच वादळात रॉस्को कॉंकलिंग नावाचे माजी सिनेटर कचेरीतून घरी निघाले. घोडागाडीवाल्याने 50 डॉलर मागितले. कॉंकलिंगसाहेब संतापले आणि पायी निघाले. छातीएवढ्या बर्फातून दोन-तीन मैल तुडवत ते क्लबच्या जवळ येऊन कोसळले आणि महिनाभराने वारले. तिथल्या एका बागेत त्यांचा पुतळा आहे. दादरहून शिवाजी पार्कला जाताना टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून "चालत जाऊ" म्हणणाऱ्या समस्त मराठी माणसांनी या पुतळ्याला एकदा तरी नमस्कार करावा.

बर्फाशी खरं वैर आलं ते मोटारीबरोबर. सुरुवातीला लोक शहाणे होते. हिवाळा आला की मोटार ठोकळ्यांवर चढवून कोठारात ठेवत आणि घोडा बाहेर काढत. पण मोटारीची सवय लागली तसा घोडा गेला आणि रस्ता बाराही महिने उघडा हवा झाला. रूळ मोडीत निघाले. बर्फ दाबण्याऐवजी लोटायचा, आणि लोटण्याऐवजी उचलून दूर फेकायचा, हे ठरलं.

दूर फेकण्याची कल्पना मुळात रेल्वेसाठी निघाली, आणि ती काढली कुणी, तर टोरांटोच्या एका दातांच्या डॉक्टराने. जे. डब्ल्यू. एलियट या दंतवैद्याने 1869 साली फिरत्या पात्यांच्या नांगराचं पेटंट घेतलं. ज्याने आयुष्यभर अरुंद जागेत फिरतं हत्यार घालून पांढरं, टणक काहीतरी कोरलं, त्याला हे सुचावं हे रास्तच आहे. रस्त्यावर ही कल्पना आणली क्वेबेकच्या आर्थर सिकार या शेतकरी कुटुंबातल्या माणसाने. शेतातलं कापणीचं यंत्र त्याने पाहिलं आणि तेच बर्फाला लावलं. 1925 साली त्याचं यंत्र तयार झालं : पुढे बर्फ आत ओढणारा मळसूत्री फाळ, मागे तो नळकांड्यातून लांब फेकणारा पंखा. आजच्या घरगुती स्नोब्लोअरची रचनाही मुळात हीच.

घरगुती यंत्रं यायला मात्र दुसरं महायुद्ध संपावं लागलं. सैनिक परतले, उपनगरं वसली, घरं रस्त्यापासून आत सरकली आणि प्रत्येक घरापुढे एकेक ड्राइव्हवे अंथरला गेला. इतिहासातला हाच क्षण महत्त्वाचा, असं मला वाटतं. तोपर्यंत बर्फ गावाचा होता. रूळ गावाचा, पूल गावाचा आणि घोडे चारचौघांचे. ड्राइव्हवे आला आणि बर्फाच्या वाटण्या झाल्या. ज्याचा त्याचा बर्फ, ज्याचं त्याचं फावडं, ज्याची त्याची कंबर. मग 1950 च्या दशकात हिरवळ कापायची यंत्रं करणाऱ्या कंपन्या बर्फाकडे वळल्या. 1960 साली विस्कॉन्सिनच्या एरियन्स कंपनीने आपलं यंत्र आणलं. दर घराला एक यंत्र! वर्षातले दहा-बारा दिवस चालणारं आणि उरलेले साडेतीनशे दिवस गॅरेजमधली जागा अडवणारं.

मिठाचा इतिहासही याच काळातला. 1930 साली आपल्याकडे दांडीपासून कोकणातल्या शिरोड्यापर्यंत मूठभर मिठासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. त्यानंतर आठच वर्षांनी न्यू हॅम्पशायरने रस्त्यावर मीठ टाकून पाहिलं. आज अमेरिका वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर ओतते. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो एवढंच यामागचं शास्त्र. पण पारा उणे नऊच्या खाली गेला की साधं मीठ जवळजवळ हात टेकतं. आणि ते वितळलेल्या बर्फाबरोबर जातं कुठे? ओढ्यात, विहिरीत, फरशीच्या भेगांत आणि मोटारीच्या पत्र्यात. सरकवण्याचा सिद्धान्त इथेही लागू! शिवाय सव्वादोन टन बर्फावर मिठाचा मारा करणं हे मला आमटीत पोतं रिकामं करण्यासारखं वाटतं. चिमूट पायरीवर टाकावी. ड्राइव्हवेला ते पथ्य नाही.

नळ्यांचा हिशेबही मी करून पाहिला. ओरेगनमधल्या क्लॅमथ फॉल्सला 1948 पासून जमिनीतल्या गरम पाण्याने रस्त्याचा तुकडा तापवला जातो. मिशिगनमधल्या हॉलंड गावाने 1988 पासून वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पदपथ कोरडे ठेवले. फुकटची उष्णता असेल तर झकास. पण माझे सव्वादोन टन नुसते वितळवायला, वाया जाणारी उष्णता धरली नाही तरी, 210 युनिट वीज लागते. ही म्हणाली, "त्यापेक्षा तिकीट काढून पुण्याला जाऊ." मुद्दा बिनतोड होता.

आता 1979 विषयी. घर घेतल्यानंतरचा आमचा तो पहिला हिवाळा. त्या मोसमात शिकागोवर नव्वद इंचांच्या आसपास बर्फ पडला. 13 आणि 14 जानेवारीच्या वादळाने तर आधीच साचलेल्या बर्फावर दीड फुटाची भर घातली. रस्ते आठवडेच्या आठवडे बुजलेले. गाड्यांनी काही स्टेशनं गाळली, तीही मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली. लोक भडकले. फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणूक झाली आणि महापौर मायकेल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवलं. त्या पुढे शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. बर्फ दुसऱ्याच्या दारात सरकवता येतो, पण मतपेटीच्या दारातून नाही, एवढा धडा तेव्हापासून इथल्या प्रत्येक महापौराला पाठ आहे.

शहरात त्या वर्षी जागोजाग खुर्च्या दिसत. रस्त्यावरची मोटारीपुरती जागा उकरून काढायची, कामावर जाताना तिथे मोडकी खुर्ची ठेवायची, आणि संध्याकाळपर्यंत ती जागा आपली! कायद्यात हे बसत नाही, पण खुर्ची हलवायची कुणाची छाती नाही. इतर देशी लोकांना या प्रथेचं नवल वाटे. आम्हा महाराष्ट्रीयांना मुळीच नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आमची जात. आम्हाला खुर्ची म्हणजे जरा मोठा रुमाल.

पण त्या वादळातलं मला मनात राहिलंय ते वेगळंच. 15 तारखेला सकाळी मी फावडं घेऊन दार उघडलं तर समोर यंत्र चालू होतं. शेजारचे पोलिश म्हातारबुवा, ज्यांच्याशी तोवर माझं "हॅलो"पलीकडे बोलणं नव्हतं, न विचारता आमचा ड्राइव्हवे साफ करत होते. पैसे विचारले तर रागावले. हिने डबाभर चकल्या पाठवल्या. पुढच्या बर्फाला ते पुन्हा आले. बर्फासाठी आले की चकल्यांसाठी, हे मी कधी विचारलं नाही. ते गेल्यावर यंत्रही गेलं आणि ज्याचं त्याचं फावडं पुन्हा चालू झालं.

आणि आता न हसता एक परिच्छेद. आमच्या इथल्या मंडळातले एक स्नेही, गणपतीत आरती खणखणीत म्हणणारे, बासष्टाव्या वर्षी असेच सकाळी बर्फ काढायला गेले. बराच वेळ आत आले नाहीत म्हणून वहिनींनी दार उघडलं. हे एकट्यादुकट्याचं नाही. 1990 ते 2006 या 17 वर्षांचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला, तेव्हा फावड्याने बर्फ काढताना हृदय बंद पडून गेलेल्यांची संख्या 1600 वर भरली, म्हणजे वर्षाला शंभराच्या जवळपास. 1995 साली धडधाकट पण बैठ्या सवयीच्या दहा तरुणांना फावडी देऊन पाहिलं. दोन मिनिटांत त्यांच्या हृदयाचे ठोके धोक्याच्या रेघेपलीकडे गेले. त्याच तरुणांनी यंत्र चालवलं तेव्हा ठोके खूपच खाली राहिले. कारणं साधी आहेत : काम सगळं हातांचं, उचलताना रोखलेला श्वास, आणि थंड हवेने आवळलेल्या रक्तवाहिन्या. डॉक्टर मला हेच सांगत होते. मार्सेल ड्युशाँ या फ्रेंच चित्रकाराने 1915 साली न्यूयॉर्कच्या दुकानातून बर्फाचं साधं फावडं विकत आणलं, छताला टांगलं आणि त्याला नाव दिलं "मोडणाऱ्या हाताच्या आगाऊ". लोक शंभर वर्षं या नावाचा अर्थ शोधताहेत. कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितला असता.

म्हणजे फावडं बाद. कंत्राटी नांगरवाला बरा, पण वादळाच्या दिवशी त्याच्या यादीत आपण एकविसावे असतो. यंत्र उत्तम, पण जड. शिवाय नळकांड्यात बर्फ अडकला की त्यात हात घालायचा मोह होतो आणि इंजिन बंद असतानाही आत दाबून धरलेलं पातं सुटून बोटं नेतं. तिथे काठीच वापरायची. पंचाहत्तरीच्या पुढे एकट्याने हे सांभाळावं का, हा प्रश्न उरलाच.

तो सुटला आमच्या गावाकडच्या एका शब्दाने. इर्जिक. पेरणी तोंडावर आली आणि एखाद्याचं शेत मागे पडलं की गावातले लोक आपापली औतं घेऊन जात, दिवसात रान नांगरून देत, आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवण घाली. रुळाला चारचौघांचे घोडे जुंपणाऱ्या व्हरमॉन्टच्या शेतकऱ्याला हा शब्द एका क्षणात कळला असता.

आमच्या डाव्या हाताला नर्सचं काम करणारं एक तरुण जोडपं राहतं. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, बर्फ काढायला वेळ नाही. उजव्या हाताला ऐंशीच्या आजीबाई एकट्या. तिन्ही घरांना मी हा सगळा इतिहास ऐकवला. बहुधा तो थांबावा म्हणूनच सगळ्यांनी लगेच होकार दिला. तीन घरांत मिळून एक यंत्र आलं. चालवायचं त्या तरुणाने, कारण पाठ त्याची आणि बोटं शाबूत ठेवायची जबाबदारीही त्याचीच. पहाटे पाचला उठून हवामान पाहणं आणि त्याला उठवणं माझ्याकडे. पायऱ्यांवरची मिठाची चिमूट आजीबाईंकडे. आणि काम झाल्यावर आमच्याकडे सगळ्यांना गरम पिठलं-भाकरी. भाकरी हाताने मोडायची असते, हे शिकवण्यात पहिला बर्फ गेला. सरकारी नांगराने घातलेला बांध तेवढा अजून येतो. पण आता तो तिघांचा आहे, त्यामुळे शिव्याही तीन भाषांत पडतात.

माझं जुनं फावडं मी गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवलं आहे. ड्युशाँने टांगलं ती कला झाली. मी टांगलं तर ही म्हणाली, "बरं झालं, खाली झाडायला जागा झाली."